मिठाचा नकाशा

ईश्वरी कणसेच्या दोन्ही गुडघ्यांचा निकाल लाल आला तेव्हा ती मैदानाला अकरावी फेरी मारत होती, आणि खरं सांगायचं तर बाराव्या फेरीचीही तिला काही चिंता नव्हती. श्वास जागेवर, पाय हलके, सकाळचे साडेसहा, तासगावच्या मैदानावर द्राक्षबागांकडून येणारं गार वारं. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरलं. तिनं पळता पळताच बघितलं. हिरवा चौकोनच येणार याची तिला इतकी खात्री होती की लाल चौकोन बघूनसुद्धा ती वीसेक पावलं तशीच पळाली, आणि मग चार्जिंग संपलेल्या स्कूटरसारखी हळूहळू थांबली.

"काय गं, काटा रुतला का?" मागून धनश्री आली. धनश्री बागल म्हणजे संघाची उपकर्णधार, ईश्वरीची पहिलीपासूनची मैत्रीण, आणि अख्ख्या तालुक्यात सगळ्यात मोठ्यानं हसणारी पोरगी.

ईश्वरीनं नुसतं मनगट पुढं केलं.

"हॅ! दुसऱ्या कुणाचं तरी आलंय हे."

"नाव वाच की."

धनश्रीनं नाव वाचलं. आणि धनश्री गप्प बसली, हे त्या मैदानानं पहिल्यांदाच बघितलं.

आता ह्या लाल चौकोनात एवढं काय होतं? तर त्या वर्षापासून नियमच आला होता. राज्याच्या खो-खो संघाच्या निवडीला उभं राहायचं तर कूर्चेचा दाखला पाहिजे. हिरवा आला तर खेळा. पिवळा आला तर डॉक्टर सांगतील तेवढं जपून खेळा. आणि लाल आला तर दोन वर्षं मैदान बंद, त्यावर चर्चा नाही. निवड होती पाच आठवड्यांवर. ईश्वरी एकोणीस वर्षांची, रानवारा क्रीडा मंडळाची कर्णधार, आणि यंदा राज्याच्या संघात तिचं नाव नक्की, असं तिचे विरोधकसुद्धा म्हणत होते. दोन वर्षं बाहेर बसलं तर काय होतं? खो-खोत दोन वर्षांत तुमच्या जागेवर सतरा वर्षांची दुसरी कुणीतरी आलेली असते, आणि ती तुमच्यापेक्षा जोरात पळत असते. बस, एवढंच होतं.

मंडळाचे प्रशिक्षक तुपे सर साठीचे, बारीक, उन्हानं काळेकुट्ट झालेले. ते आले, दोन बोटांनी तिचे गुडघे दाबून बघितले.

"दुखतंय?"

"नाही सर."

"सूज? कळ? सकाळी उठल्यावर काही?"

"काहीच नाही."

"मग त्या यंत्राला काय दिसलं डोंबलाचं?"

त्या यंत्राला मीठ दिसलं होतं. म्हणजे मीठ कमी दिसलं होतं.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर एक पांढरी, गुळगुळीत गादी असते, ती कूर्चा. जाडीला जेमतेम दोन-तीन मिलीमीटर, पण आपण उडी मारतो तेव्हा सगळा भार हिच्यावर. ती असते स्पंजासारखी. आत धाग्यांची जाळी, आणि त्या जाळीत अडकलेल्या साखरेसारख्या रेणूंच्या लांबच लांब माळा. ह्या माळांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या सोडियमला, आपल्या मिठातलाच तो सोडियम, धरून ठेवतात. सोडियम पाणी ओढून घेतो, आणि पाण्यानं गादी टम्म फुगलेली राहते. गुडघा बिघडायला लागतो तेव्हा आधी जाळी फाटत नाही, आधी ह्या माळा गळतात. आणि गंमत म्हणजे कूर्चेत रक्तवाहिनी नाही की मज्जातंतू नाही. त्यामुळं कितीही बिघडलं तरी दुखत म्हणून नाही. दुखायला लागतं तेव्हा हाडावर हाड घासायला लागलेलं असतं!

जुनं एमआरआय यंत्र पाण्यातल्या हायड्रोजनचं ऐकायचं. मोठ्ठं चुंबक, आत माणूस, रेडिओलहरींचा एक टोला, आणि त्याला अणूंनी दिलेली ओ. त्यात गादीचं भोक दिसायचं, पण पडल्यावर. मिरजेच्या सांधा-तपासणी केंद्रातल्या लोकांनी काय केलं, रेडिओचं स्टेशन बदलावं तसं यंत्र सोडियमवर लावलं. सोडियमचा आवाज फार बारीक, म्हणून आधी तो प्रयोगशाळांतल्या राक्षसी चुंबकांनाच ऐकू यायचा. ह्यांनी तो ट्रकात मावेल एवढ्या यंत्राला ऐकवला. झालं, गावोगाव ट्रक फिरायला लागला आणि माणसांच्या गुडघ्यांचे मिठाचे नकाशे निघायला लागले. मीठ भरपूर तिथं हिरवं, कमी तिथं पिवळं, फारच कमी तिथं लाल. दुखायच्या दहा वर्षं आधी! पोलिसभरतीला नकाशा, गिर्यारोहणाला नकाशा, एवढंच काय, स्थळाच्या माहितीत लोक 'उंची पाच चार, गुडघे हिरवे' असं लिहायला लागले होते.

तर अशा यंत्रानं सांगितलं होतं की ईश्वरीच्या गुडघ्यांत तेरा टक्के मिठाची तूट आहे. बाराच्या वर लाल.

घरी आल्यावर तिनं सगळ्यात आधी सायलीताईला सांगितलं. सांगावंच लागलं, कारण ताई दारातच चेहरा वाचून उभी. ताई तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. एके काळी सायली कणसे हवेतून झेप घेऊन गडी धरणारा आकाशीय सूर मारायची तेव्हा पंचसुद्धा टाळ्या वाजवायचे म्हणे. बाविसाव्या वर्षी डावा गुडघा गेला, मग त्याला वाचवता वाचवता उजवाही. आता ती बेदाण्याच्या शेडमध्ये प्रतवारीचं काम करायची, उंच स्टुलावर बसून, कारण खाली बसलं की उठता यायचं नाही.

"किती?" ताईनं विचारलं.

"तेरा. दोन्हींत."

ताईनं डोळे मिटले, उघडले. "बरं झालं."

"बरं झालं?"

"आत्ता कळलं ते बरं झालं. मला कधी कळलं माहितीय? मैदानात, कट्‌ असा आवाज आल्यावर. यंत्र सांगतंय ना थांब, मग थांबायचं."

"पण ताई, मला काहीसुद्धा होत नाहीये—"

"मलाही काही होत नव्हतं, इशे. मी पण हेच म्हणायची. इथंच उभी राहून, आईला, ह्याच तोऱ्यात."

आत आईचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता. ईश्वरीनं चपला काढल्या. यंत्राशी भांडता येतं, पण जिन्यावरून तिरकी होऊन एकेक पायरी उतरणाऱ्या बहिणीशी कसं भांडायचं?

दोन दिवसांनी तुपे सरांनी तिला बोलावलं. निवडीच्या अर्जांना पंधराही जणींचे अहवाल जोडायचे होते, आणि ते काम कर्णधाराचं. लाल निकाल आलेल्या कर्णधारानं दुसऱ्यांचे हिरवे निकाल टाचायचे, म्हणजे बघा. पण ती बसली. मंडळाच्या खोलीत टेबलावर अहवालांचा गठ्ठा, ज्या क्रमानं पोरी ट्रकात गेल्या त्याच क्रमानं छापलेला. एक नंबर धनश्री, तूट एक टक्का. दुसरीची एक. तिसरीची दोन. चौथीची तीन. ईश्वरी टाचत गेली आणि आकडे बघत गेली. पाच. पाच. सहा. सात. आठ. दहावी नऊ टक्के, पिवळी. अकरावी दहा.

तिचा हात थांबला. हे काय आहे? गुडघे कधी रांगेत उभे राहून बिघडतात का?

तिनं भराभरा पुढचे काढले. तेरावी अकरा, चौदावी बारा, पंधरावी ती स्वतः, तेरा. पायऱ्या! नुसत्या जिन्याच्या पायऱ्या! फक्त बाराव्या नंबरची आर्या मध्येच दोन टक्के, हिरवीगार. आणि आर्याच का, हे आठवल्याबरोबर ईश्वरी खुर्चीवरून अशी उठली की स्टेपलर खाली पडला.

कारण तपासणीच्या दिवशी आर्याला ताप होता, आणि ईश्वरीनंच तिला दटावून सतरंजीवर आडवं केलं होतं.

बाकीच्या बसल्या होत्या. कशा बसल्या होत्या ते महत्त्वाचं. रानवारा मंडळाचा एक दंडक होता, सरांच्याही सरांच्या काळापासूनचा: आपला गडी मैदानात असताना बाकीच्यांनी टेकून बसायचं नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्या पोरी ओळीत उकिडव्या बसतात ना, गुडघे पूर्ण दुमडलेले, टाचा उचललेल्या, बोटं जमिनीला टेकलेली, केव्हाही खो मिळेल अशा, तसंच बसायचं. राखीव खेळाडूंनीसुद्धा. दुसरे संघ खुर्च्यांवर पाणी पीत बसतात, रानवाराच्या पोरी ओळीत बसतात. त्याचा केवढा अभिमान त्यांना! ट्रक आला त्या दिवशी मंडपात पंधरा खुर्च्या मांडल्या होत्या, कागदावर सूचना होती की तपासणीआधी पळू नये, चालू नये, शांत बसून राहावं. पोरींनी खुर्च्या बाजूला सारल्या. ट्रकात आपला गडी गेलाय म्हटल्यावर त्या ओळीत बसल्या. एकेकीला आठ मिनिटं. कर्णधार शेवटी. म्हणजे ईश्वरी जवळजवळ दोन तास उकिडवी बसून मग आत गेली होती.

"धने!" ती ओरडतच मैदानात गेली. "धने, स्पंज दाबला होता गं आम्ही!"

धनश्रीला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तू पहिली गेली असतीस तर मी लाल झाले असते? बरं झालं बाई तू कर्णधार आहेस."

पण घरी हे सगळं ताईपुढं मांडलं तेव्हा ताई हसली नाही. तिनं अहवाल बघितले, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"हुशार आहेस," ती म्हणाली. "पण एक सांग. हे तुला खरं आहे म्हणून दिसतंय, का तुला खेळायचंय म्हणून दिसतंय?"

ईश्वरी अहवाल पुन्हा नंबरवार लावायला लागली.

"मी पण लई कारणं शोधली होती," ताई म्हणाली. "बूट चुकीचे आहेत. मैदान टणक आहे. पाणी कमी पिते. सगळी कारणं एकदम पटण्यासारखी होती बरं का. गुडघा सोडून सगळ्याला नावं ठेवली मी."

ईश्वरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या एका प्रश्नाशी झटत राहिली, आणि सकाळी ताई डबा भरत होती तेव्हा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, तू म्हणतेस ते असेलही. मला खेळायचंय, म्हणून माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही. मग अशी परीक्षा घेऊ की जिच्यात मी हरू शकेन. मिरजेला जाऊ. तू चल. तिथंही लाल आलं तर मी स्वतः सरांना सांगते, आणि पुन्हा तोंडातून एक शब्द काढत नाही."

ताईनं डब्याचं झाकण लावलं. "एक शब्द पण नाही?"

"एक पण नाही."

"मग चल."

विजेवरच्या एसटीनं तिघी मिरजेला गेल्या. तिसरी धनश्री, तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपली बसस्टँडवर उभीच होती.

केंद्रात डॉक्टर नाझनीन मुजावर भेटल्या. चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर, दुसरा चष्मा डोळ्यांवर. यंत्र सोडियमवर लावणाऱ्या चमूतल्या त्या एक. त्यांनी आधी हातच झटकला.

"हे बघ बेटा, दोन हजार गुडघ्यांवर पारखून घेतलंय आम्ही यंत्र."

"मॅडम, त्या दोन हजारांत दोन तास उकिडवं बसून आलेलं कोण होतं?"

"कुणीच नाही. कोण बसेल दोन तास उकिडवं?"

"आम्ही," ईश्वरी म्हणाली आणि पंधरा अहवाल टेबलावर ओळीत मांडले.

नाझनीन मॅडमनी बघितले. मग डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवरच्या चष्म्यावर चढवला आणि पुन्हा बघितले. आर्याच्या अहवालावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही?"

"तिला ताप होता. ती झोपली होती."

"या अल्लाह," मॅडम हळूच म्हणाल्या, आणि मग त्या अशा भराभरा बोलायला लागल्या की जणू स्वतःलाच समजावतायत. "यंत्राचा एक ठिपका दोन मिलीमीटरचा असतो. कूर्चा दाबून पातळ झाली की तिच्यातलं पाणी बाहेर जातं, आणि ठिपक्याची उरलेली जागा हाडानं भरते. हाडातलं मीठ यंत्राला ऐकू येत नाही. म्हणजे मीठ गेलेलं नसतं, ठिपक्यात मावलेलं नसतं! यंत्र म्हणणार, इथं मीठ कमी. एरवी पळून आलेल्या माणसाची गादी अर्ध्या तासात फुगते, म्हणून तर आम्ही बसायला सांगतो. पण बसूनच दाबली जात असेल तर..." त्या थांबल्या. "तर असेल. नक्की माहीत नाही. तुझी गादी खरंच खराबही असू शकते."

"तेच बघायला आलोय," ताई म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली.

"बघता येईल. पण दोन गोष्टी. फेरतपासणी एकदाच मिळते, तिचा निकाल अखेरचा. आणि तू दोन तास झोपून हिरवी आलीस, तर लोक म्हणतील यंत्राला फसवलं. बसल्यानं लाल येतं, हेही दाखवायला हवं. त्यासाठी हिरवा दाखला असलेलं कुणीतरी दोन तास बसलं पाहिजे. आणि यंत्रात काढलेला नकाशा पुसता येत नाही. तो लाल आला आणि नंतर उतरलाच नाही, तर त्या मुलीचा दाखला जाईल."

ईश्वरी म्हणाली, "मग राहू दे मॅडम, माझ्या एकटीचंच—"

"मी काय इथं फिरायला आलेय का?" धनश्री म्हणाली, आणि तिथंच फरशीवर उकिडवी बसली. "घड्याळ लावा."

"धने, उठ. तुझी पण निवड आहे."

"तू म्हणतेस ते खरं आहे ना?"

"मला वाटतंय खरं आहे."

"मग झालं की. दोन तास बसायचंच आहे, पळायचं तर नाही."

आणि मग ते दोन तास! मधल्या बोळात ईश्वरी खाटेवर आडवी, तिला पाय खाली ठेवायचीसुद्धा परवानगी नाही. समोर भिंतीशी धनश्री ओळीतल्यासारखी बसलेली, फक्त ओळीत ती एकटीच. मध्ये खुर्चीवर सायलीताई. येणारे जाणारे म्हातारे रुग्ण धनश्रीकडं बघून हळहळायचे, एका आजोबांनी तर तिला हात देऊन उठवायचा प्रयत्न केला.

पाऊण तासानंतर ताई म्हणाली, "टाच टेकली."

"कुठं?"

"उजवी. वर घे."

"ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

"नियमाच्या. आणि बोटं कुठं गेली? बोटं जमिनीला. अशी बसलीस तर खो मिळाल्यावर उठायलाच दोन सेकंद जातील."

"इथं कोण खो देतंय मला? ते आजोबा?"

ताई खुदकन हसली. ईश्वरीनं खाटेवरून मान वळवून बघितलं. ताई खुर्चीच्या कडेला आली होती, पाठ ताठ, नजर धनश्रीच्या पायांवर, आणि तिची स्वतःची बोटंसुद्धा गुडघ्यावर टेकलेली, ओळीतल्यासारखी. ईश्वरीनं पटकन छताकडं बघितलं. काही गोष्टी बघितल्या हे दाखवायचं नसतं.

दोन तास झाले. धनश्रीला उचलूनच चाकांच्या खुर्चीत घातलं, कारण पाय झोपले होते, आणि खुर्ची थेट यंत्राशी नेली. आठ मिनिटं. पडदा उघड्या दारातून ईश्वरीलाही दिसत होता, त्यावर नकाशा उमटायला लागला. गुडघ्याच्या वाटीमागं आणि मांडीच्या हाडाच्या मागच्या टोकाला पिवळं, मग नारिंगी, मग लाल. तूट साडेबारा टक्के. ईश्वरीच्या जुन्या नकाशाशेजारी ठेवला, तर जागा तीच, आकार तोच, दोन्ही गुडघ्यांत सारखाच.

"लाल!" ईश्वरी खाटेवरून ओरडली. "धने, तू लाल आहेस!"

"लाल आहे?" धनश्री आतून ओरडली. "अगं लाल आहे मी!" आणि बाहेर बसलेल्या आजोबांना समजेना की एवढा वाईट निकाल आल्यावर ह्या पोरी आनंदानं ओरडतायत कशाला.

पण ताई ओरडली नव्हती. "हिचं उतरू दे आधी," ती म्हणाली. "मग बोलू."

धनश्रीला तासभर झोपवलं. तो तास मात्र सगळ्यांनाच जड गेला. धनश्रीसुद्धा छताकडं बघत पडलेली, दाखला तिचा होता ना. पुन्हा आत नेलं, पुन्हा नकाशा. तूट तीन टक्के. हिरवं. डॉक्टर नाझनीननी दोन्ही चष्मे काढले आणि डोळे पुसले. "अख्ख्या राज्यात ट्रक फिरतायत माझे," त्या म्हणाल्या. "आणि कोण कसं बसतं, हे मी एकदाही मंडपात येऊन बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत पत्र धाडते सगळीकडं."

आता राहिली ईश्वरी.

आणि आता तिचं धाडस पार गळालं. इतका वेळ यंत्र चुकू शकतं की नाही हा प्रश्न होता. आता प्रश्न फक्त तिच्या गुडघ्यांचा होता. यंत्र एकदा चुकलं म्हणजे तिचे गुडघे चांगले, असं थोडंच? ती खाटेवरून यंत्राच्या पाटावर सरकली तेव्हा तिनं ताईचा हात धरला होता, आणि सोडायचा विसरली होती.

"सोड," ताई म्हणाली. "माझं घड्याळ ओढेल ते चुंबक."

आत ठकठक, घरघर, पुन्हा ठकठक. ईश्वरीनं डोळे मिटून आठ मिनिटं मोजायचा प्रयत्न केला आणि चारशेच्या आसपास आकडा हरवला. बाहेर आली तेव्हा तिघीही पडद्यासमोर पाठमोऱ्या उभ्या.

"सांगा ना," ईश्वरी म्हणाली.

"ये, तूच बघ," नाझनीन मॅडम म्हणाल्या.

उजवा गुडघा, हिरवा. सगळा हिरवा, पावसाळ्यातल्या माळासारखा. डावा गुडघा, हिरवा, हिरवा, आणि बाहेरच्या बाजूला, शेंगदाण्याएवढा, एक पिवळा ठिपका.

"हा खरा आहे," मॅडम म्हणाल्या. "हा बसून आलेला नाही. उजव्यात नाही, डाव्यातच आहे. सूर मारल्यावर आधी कुठला गुडघा टेकतेस?"

"डावा," ईश्वरी म्हणाली.

"आठ आठवडे सूर बंद. मांडीचे व्यायाम लिहून देते. मग पुन्हा नकाशा काढू. इतक्या लवकर सापडलं की माळा बहुतेक वेळा परत भरतात. उशिरा सापडलं की नाही. दाखला पिवळा मिळेल. खेळ तू, पण जपून."

ईश्वरी मटकन बसली, ह्या वेळी खुर्चीवर. दोन वर्षं नाही, आठ आठवडे! तिला हसू येत होतं आणि नाक गळत होतं, दोन्ही एकदम. धनश्री तर तिच्या गळ्यातच पडली. फक्त ताई अजून पडद्याजवळ उभी होती. तिनं बोट पुढं केलं आणि काचेवर त्या ठिपक्याला अगदी हलकेच लावलं.

"माझाही कधीतरी एवढाच असणार," ती म्हणाली.

मग ताई वळली. चेहऱ्यावर रडू नव्हतं, ओझं उतरवून ठेवल्यावर दिसतं तसं काहीतरी होतं.

"सरांना फोन लाव," ती म्हणाली.

सरांनी पहिल्या घंटीलाच उचलला. "लाल का हिरवा?"

"पिवळा, सर."

"म्हणजे खेळणार?"

"खेळणार. पण आठ आठवडे सूर मारणार नाही."

"निवड पाच आठवड्यांवर आलीय, बाळ. सूर न मारता गडी धरणार कसा?"

"पळून, सर."

सर म्हणाले, "तीस वर्षं मी पोरींना हेच सांगतोय. आधी पळा, मग पडा. कुणी ऐकलंय का आजवर?"

ताईनं फोन काढून घेतला. "सर, सायली बोलतेय. उद्यापासून मी येऊन बसणार आहे मैदानावर. ही मोहात पडून सूर मारणार, मला माहितीय. मारला तर त्याच मिनिटाला घरी घेऊन येईन."

नऊ वर्षांत सायली कणसेनं त्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. सरांना ते माहीत होतं, ईश्वरीला माहीत होतं, आणि ताईला तर होतंच.

"ये," सर म्हणाले. "साडेपाचला ये. शिट्टी तूच वाजव."